रूळ ठेवायचे की उखडायचे: ॲडिरॉन्डॅकमधल्या ५५ किलोमीटरची केस

अमेरिकेत जुन्या, बंद पडलेल्या रेल्वेलाइनी खूप आहेत आणि जिथे जिथे अशी लाइन गावातून जाते तिथे कधी ना कधी एक भांडण होतंच. एक पार्टी म्हणते गाडी पुन्हा सुरू करा, हेरिटेज ट्रेन, टुरिस्ट येतील. दुसरी म्हणते रूळ काढा, सायकलसाठी आणि चालायला ट्रेल करा, टुरिस्ट येतील. टुरिस्ट दोघांच्याही तोंडी, फक्त ते कशावर बसून येणार एवढाच वाद. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या ॲडिरॉन्डॅक डोंगराळ भागात हे भांडण साधारण दहा वर्षं चाललं, गावच्या बोर्डांपासून कोर्टापर्यंत गेलं आणि शेवटी एका सरकारी व्याख्येतले शब्द बदलून संपलं. ती पूर्ण केस इथे लिहितोय, कारण "आमच्या प्रोजेक्टने काउंटीला (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) एवढा पैसा मिळेल" हे वाक्य नक्की कसं बनतं आणि कुठे कामाला येतं हे या एका प्रकरणात फार स्वच्छ दिसतं. माझं मत आधीच सांगून टाकतो, भांडण आकड्यांवरून झालं पण निकाल आकड्यांनी लागला नाही.

लाइन कुठली, कोणाची

रेमसेन ते लेक प्लॅसिड, ११९ मैल म्हणजे १९० किलोमीटरच्या वर. यातली बहुतेक लाइन १८९२ मध्ये विल्यम सेवर्ड वेब नावाच्या माणसाने बांधली, हे मूळचे डॉक्टर, व्हँडरबिल्ट घराण्याचे जावई, त्यामुळे रेल्वे घरचीच म्हणायची. जंगल, दलदल, तळी यातून साधारण दीड वर्षात त्यांनी लाइन नेली. गंमत म्हणजे त्याच १८९२ साली राज्याने ॲडिरॉन्डॅक पार्क जाहीर केलं आणि दोनच वर्षांनी राज्यघटनेत कलम घातलं की इथली सरकारी जंगलं कायम जंगलच राहतील. आज हे पार्क जवळपास ६० लाख एकर आहे, पण आपण ज्याला नॅशनल पार्क म्हणतो तसं नाही, साधारण अर्धी जमीन खाजगी आहे आणि आत गावं, शाळा, दुकानं, पेट्रोलपंप सगळं आहे. तिथे राहणाऱ्या माणसाला काहीही मोठं करायचं म्हटलं की ॲडिरॉन्डॅक पार्क एजन्सीचा शिक्का लागतो. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं इथेच येऊन अडकतं.

गाडीने या गावांना काय दिलं ते थोडक्यात: लाकूड बाहेर गेलं, श्रीमंत लोक उन्हाळ्याला आले आणि सॅरनॅक लेकला डॉ. ट्रुडो यांच्या सॅनिटोरियममध्ये क्षयाचे पेशंट आले. मग हायवे झाले, मोटारी आल्या, १९६५ मध्ये पॅसेंजर गाडी बंद झाली आणि १९७२ मध्ये मालगाडीही. त्यानंतर लाइन राज्य सरकारकडे आली. १९८० च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिम्पिकसाठी घाईघाईने गाडी पुन्हा सुरू केली खरी पण ते ऑलिम्पिकनंतर फार टिकलं नाही. १९९२ मध्ये लाइनीला शंभर वर्षं झाली म्हणून दक्षिणेकडे थेंडारा इथे छोटीशी टुरिस्ट गाडी सुरू झाली, चालवणारी संस्था ना-नफा, कामं करणारे बरेचसे स्वयंसेवक, पुढे तिचीच ॲडिरॉन्डॅक सीनिक रेलरोड झाली. १९९३ मध्ये लाइन राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाच्या यादीत गेली. २००० मध्ये उत्तर टोकाला सॅरनॅक लेक ते लेक प्लॅसिड हा सोळाएक किलोमीटरचा तुकडाही सुरू झाला. मधला मोठा पट्टा मात्र तसाच, झाडं उगवलेला, स्लीपर कुजलेले.

१९९६ मध्ये राज्याने या कॉरिडॉरचा आराखडा केला. त्यात म्हटलं की आधी रेल्वेला संधी द्या, जमलं तर ठीक, नाहीच जमलं तर ट्रेलचा विचार. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण किती वर्षांत जमायला हवं आणि नाही जमलं हे कोणी ठरवायचं, हे कुठे ठाम लिहिलेलं नाही. भिजत घोंगडं म्हणतात ते हेच. रेल्वेवाले म्हणाले आम्हाला पैसेच मिळाले नाहीत तर पूर्ण लाइन कशी करणार, समोरचे म्हणाले एवढ्या वर्षांत झालं नाही ते आता काय होणार, आणि गंमत अशी की दोघंही बरोबर होते.

कोण कोणाच्या बाजूला

२०११ मध्ये ट्रेलवाल्यांनी संस्था काढली, ॲडिरॉन्डॅक रिक्रिएशनल ट्रेल ॲडव्होकेट्स, लोक आर्टा म्हणतात. त्यांचं म्हणणं साधं: टपर लेक ते लेक प्लॅसिड हा ३४ मैलांचा, म्हणजे साधारण ५५ किलोमीटरचा पट्टा घ्या, रूळ काढा, बारीक खडी दाबून रस्ता करा. रेल्वेचा चढ नेहमीच हळू असतो त्यामुळे लहान मुलं, म्हातारी माणसं, व्हीलचेअरवाले सगळे जाऊ शकतात. ॲडिरॉन्डॅकमध्ये चालायच्या वाटा पुष्कळ आहेत पण बहुतेक दगडधोंड्यांच्या आणि छातीवर येणाऱ्या चढाच्या, सपाट आणि सुरक्षित अशी लांब वाट जवळपास नाहीच, आणि हा मुद्दा मला त्यांच्या सगळ्या मुद्द्यांत वजनदार वाटतो.

त्यांच्यासोबत एक गट होता जो बाहेरच्याला पटकन लक्षात येत नाही, तो म्हणजे स्नोमोबिलवाले. हिवाळ्यात गाडी बंद असते आणि याच लाइनीवरून लोक बर्फावरच्या मोटारी चालवतात. पण रूळ वर आलेले असल्यामुळे ते झाकले जातील एवढा बर्फ पडेपर्यंत थांबावं लागतं. रूळ गेले की थोड्या बर्फावरही सीझन सुरू होतो, आणि हिवाळा दिवसेंदिवस बेभरवशाचा होत चाललेला असताना मोटेल आणि बारवाल्यांसाठी सीझनचे जास्तीचे काही आठवडे म्हणजे चेष्टा नाही. त्यामुळे एरवी ज्यांचं एकमेकांशी पटत नाही ते शांतताप्रेमी सायकलवाले आणि धूर काढत जाणारे स्नोमोबिलवाले इथे एका बाजूला.

दुसऱ्या बाजूला रेल्वेवाली संस्था, जुन्या वारशाचे लोक, लाइनीच्या दक्षिणेकडच्या युटिकाचे लोक (गाडी तिथूनच सुटते आणि तिथे ॲमट्रॅकचं, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेचं, स्टेशन आहे, म्हणजे न्यूयॉर्क शहरातून ट्रेनने येऊन इथे गाडी बदलून थेट लेक प्लॅसिड, असं त्यांचं स्वप्न). आणि एक तिसरा गट होता ज्याचं म्हणणं की दोन्ही करा ना, रूळही ठेवा आणि बाजूने वाटही काढा. कागदावर याच्याइतकं छान काही नाही. जागेवर गेलं की कळतं की लाइन बऱ्याच ठिकाणी दलदलीतून आणि तळ्याच्या मधून एका अरुंद भरावावरून जाते, दोन्हीकडे पाणी, तिथे वाट काढायची तर पाण्यात भर टाका नाहीतर पूल बांधा नाहीतर लांबून वळसा घ्या, आणि पाणथळ जागेत भर टाकायची परवानगी त्या पार्कमध्ये मिळणं म्हणजे विसरा. राज्याने हा पर्याय बाजूला ठेवला त्याचं कारण हे. तरी जिथे शक्य आहे तेवढ्या तुकड्यात तरी करा असं ते लोक शेवटपर्यंत म्हणत राहिले.

आकडे

दोन्ही बाजूंनी अभ्यास करून घेतले. ट्रेलच्या बाजूचा अभ्यास म्हणाला ट्रेलने जास्त पैसा येईल, रेल्वेच्या बाजूचा म्हणाला गाडीने. आश्चर्य वाटायचं काही कारण नाही, फी कोण देतंय बघा. ते आकडे इथे देत नाही, कारण त्यांच्या खालचे अंदाज बघितले की आकड्यात फार काही उरत नाही.

एक म्हणजे ट्रेलला तिकीट नसतं. किती लोक आले हे मोजायला काउंटर लावता येतो पण सकाळी कुत्र्याला घेऊन दोनदा गेलेला गावातलाच माणूस आणि चारशे किलोमीटरवरून येऊन तीन रात्री हॉटेलात राहिलेलं कुटुंब हे काउंटरला सारखेच दिसतात. काउंटीच्या तिजोरीत फरक पडतो तो दुसऱ्यामुळे. रेल्वेचं उलटं, तिकिटं मोजता येतात, पण गाडीत बसलेला माणूस गाडीसाठीच आला होता की लेक प्लॅसिडला आलाच होता आणि दुपारी मुलं कंटाळली म्हणून गाडीत बसवली, हे तिकिटावर लिहिलेलं नसतं. लेक प्लॅसिडमध्ये टुरिस्ट आधीपासून भरपूर आहेत, दोन ऑलिम्पिक झालेलं गाव आहे. तिथे आणखी एक करमणूक आली तर बऱ्याच वेळा पैसा नवा येत नाही, एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो.

खरा प्रश्न टपर लेकचा होता. हे लाकडाचं गाव, ओव्हल वुड डिशचा कारखाना एकेकाळी गावाचा कणा, तो जाऊन किती वर्षं झाली होती, इमारत तेव्हा तशीच उभी. २००६ मध्ये वाइल्ड सेंटर हे निसर्गाचं म्युझियम झालं, चांगलं चालतं, पण एका म्युझियमवर गाव चालत नाही. २०१२ च्या सुरुवातीला एका प्रचंड मोठ्या रिसॉर्टला पार्क एजन्सीने परवानगी दिली, घरं, स्की, सगळं, लोकांनी केवढ्या आशा लावल्या, आणि ते कधी उभंच राहिलं नाही. अशा गावात कोणी येऊन म्हणालं की रूळ काढले की सायकलवाले येतील तर लोक ऐकणारच, आणि दुसरा म्हणाला की थांबा गाडी येतेय तर तेही ऐकणारच. त्यामुळे टपर लेकमध्ये मतं सरळ दोन भागात फाटली.

आणि "काउंटीची प्रगती" म्हणतात ती कुठल्या काउंटीची हेही बघायला हवं. एकटं सॅरनॅक लेक गावच तीन टाउनमध्ये (टाउन म्हणजे काउंटीचा एक भाग, साधारण आपल्या तालुक्यासारखा) आणि दोन काउंट्यांमध्ये पसरलंय, फ्रँकलिन आणि एसेक्स. लेक प्लॅसिड एसेक्समध्ये, टपर लेक फ्रँकलिनमध्ये, आणि गाडी सुटते त्या युटिकाची काउंटी तिसरीच, ओनायडा. गाडी पूर्ण चालली तर ओनायडाचा फायदा, ट्रेल झाला तर उत्तरेच्या दोन काउंट्यांचा. पण लाइनीची मालकी यातल्या एकाही काउंटीकडे नाही, राज्याकडे. म्हणजे जिल्ह्याने ठराव करायचे आणि निर्णय राज्याच्या राजधानीत.

तोडगा, आणि मधेच आलेली रेलबाइक

२०१३ मध्ये राज्याने जुना आराखडा पुन्हा उघडला, ठिकठिकाणी सुनावण्या झाल्या, हॉल भरून लोक. शेवटी तोडगा असा: उत्तरेचे ३४ मैल रूळ काढून ट्रेल, आणि त्याच्या दक्षिणेला बिग मूस ते टपर लेक हे ४५ मैल राज्य स्वतः दुरुस्त करून गाडीसाठी देणार. २०१६ मध्ये पार्क एजन्सीची मंजुरी मिळाली. रेल्वेवाल्यांना हे तोडगा वाटलंच नाही, त्यांच्या लाइनीचं टोकच कापलं होतं, कारण लेक प्लॅसिडला न जाणाऱ्या लेक प्लॅसिड लाइनीचं तिकीट कोण काढणार?

आणि नेमकं याच काळात एक गोष्ट घडली जी कुठल्याच अभ्यासात नव्हती. २०१५ मध्ये रेल एक्सप्लोरर्स नावाच्या कंपनीने सॅरनॅक लेकमध्ये रेलबाइक आणल्या. चार चाकांची गाडी, रुळांवर बसते, तुम्ही पायडल मारायचं, बस. दोन उन्हाळे लोकांनी त्यासाठी गर्दी केली. म्हणजे बघा, रूळही वापरात, पायडलही, टुरिस्टही, आणि सरकारकडून ४५ मैलांची दुरुस्तीही मागितली नाही. पण आराखडा ठरला होता, त्या पट्ट्यावरचे रूळ जाणार होते, पुढच्या वर्षाची खात्री नाही अशा जागी कोण धंदा लावेल, कंपनीने २०१६ नंतर गाशा गुंडाळला आणि ऱ्होड आयलंडला गेली. आज त्यांच्या शाखा आयोवा, नेवाडा, कॅलिफोर्निया अशा ठिकाणी आहेत. सॅरनॅक लेक, जिथे सुरुवात झाली, तिथे नाही.

मला या सगळ्या प्रकरणात ही एक गोष्ट खटकते. ट्रेल होऊ नये असं मी म्हणत नाही. पण दहा वर्षं सगळे अंदाजांवर भांडत होते आणि खरा पैसा मोजता येईल असा प्रयोग आपोआप डोळ्यासमोर चालू झाला होता, तर निदान तीन चार वर्षं तो चालू देऊन मोजायचं तरी. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागणं म्हणतात ते हेच. ट्रेलवाले यावर म्हणतील की रेलबाइक चार महिन्यांची आणि तिकिटाची, ट्रेल बारा महिन्यांचा आणि फुकट, गावच्या पोरांनाही वापरता येणारा. तेही खरं आहे.

कोर्ट

रेल्वे संस्थेने केस केली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये जिंकली. निकाल वाचण्यासारखा आहे कारण त्यात पैशाबद्दल काही नाही. पार्कच्या जमीन आराखड्यात "ट्रॅव्हल कॉरिडॉर" नावाचा एक जमिनीचा प्रकार आहे आणि त्याच्या व्याख्येत हायवे आहेत आणि रेमसेन ते लेक प्लॅसिड रेल्वेमार्ग आहे. न्यायाधीश म्हणाले रूळ काढले तर रेल्वेमार्ग राहिला कुठे, मग तो ट्रॅव्हल कॉरिडॉर कसा? शिवाय ऐतिहासिक वारसा जपायच्या कायद्याची प्रक्रिया नीट केली नाही आणि जमिनीच्या काही तुकड्यांची मालकी राज्याकडे स्पष्ट नव्हती. तीन मुद्दे, तिन्हीत सरकार हरलं. आर्थिक अभ्यासांची ती सगळी बाडं तिथे कोणाच्याच कामाला आली नाहीत.

रेल्वेवाल्यांना वाटलं वाचलो. पण राज्याने अपिलात जोर लावण्यापेक्षा सोपा रस्ता धरला, व्याख्याच बदलून घेतली. ट्रॅव्हल कॉरिडॉरमध्ये आता रूळ काढून केलेला ट्रेलही बसेल असं लिहिलं, मालकीचे तुकडे सोडवले, वारशाची प्रक्रिया पूर्ण केली आणि मे २०२० मध्ये सुधारित आराखडा पुन्हा मंजूर. वर्षाच्या शेवटाकडे रूळ उखडायला सुरुवात. २०२३ च्या शेवटी लेक प्लॅसिड ते सॅरनॅक लेक हा ट्रेलचा पहिला टप्पा उघडला आणि पुढे टपर लेकच्या दिशेने एकेक टप्पा होत गेला. दक्षिणेकडे राज्याने शब्द पाळला, ४५ मैल दुरुस्त झाले आणि २०२२ च्या सुमारास गाडी टपर लेकला पोचली. बीव्हर रिव्हर नावाची एक वस्ती या लाइनीवर आहे जिथे जायला रस्ताच नाही, होडी, स्नोमोबिल किंवा ट्रेन, अशा जागेला त्या दुरुस्तीचा काय फायदा झाला हे कुठल्याही टेबलात घालायची गरज नाही.

शेजारचीच एक केस

अल्स्टर काउंटी, त्याच राज्यात पण बरीच दक्षिणेला, कॅट्सकिल डोंगरात. तिथे अल्स्टर अँड डेलावेअर लाइनीचा ३८ मैलांहून जास्त भाग काउंटीने स्वतः १९७९ मध्ये विकत घेऊन ठेवला होता आणि कॅट्सकिल माउंटन रेलरोडला लीजवर दिला होता, लीज २०१६ पर्यंत. २०११ मध्ये आयरीन वादळाने या लाइनीवरचा बॉइसव्हिलचा पूल वाहून नेला. २०१२ मध्ये काउंटीच्या प्रमुखांनी ट्रेलची कल्पना पुढे रेटली, मग नोटिसा, कोर्टबाजी, किंग्स्टनमध्ये नाताळच्या गाडीला उसळलेली गर्दी दाखवून रेल्वेवाले म्हणतात बघा लोक येतात की नाही, सगळं तेच. पण मालक काउंटी स्वतः होती त्यामुळे भांडण एकाच इमारतीत झालं, आणि लाइनीचे सरळ तीन भाग पडले: किंग्स्टनच्या टोकाला गाडी, मधे अशोकन जलाशयाच्या काठाने साडेअकरा मैलांचा ट्रेल जो ऑक्टोबर २०१९ मध्ये उघडला, आणि फिनिशियाच्या टोकाला रेलबाइक. हो, त्याच कंपनीच्या, रेल एक्सप्लोरर्सच्या. जलाशय न्यूयॉर्क शहराच्या मालकीचा, त्या शहरानेही ट्रेलसाठी २५ लाख डॉलर दिले, कारण पिण्याच्या पाण्याच्या काठाला त्यांना लोक चालत आलेले चालणार होते, इंजिन नको होतं. म्हणजे इथेही मधला तुकडा कोणी ठरवला तर पाण्याच्या मालकाने.

दोन्ही केस शेजारी ठेवल्या की अल्स्टरचा तोडगा जास्त शहाणा वाटतो, पण त्यात नशिबाचा भाग मोठा आहे. तिथे पूल वाहून गेल्यामुळे लाइन आधीच मधे तुटलेली होती, त्यामुळे "पूर्ण लाइन चालवू" हे स्वप्न तसंही महाग झालं होतं, आणि दोन्ही टोकांना स्वतःच्या पायावर उभी राहतील अशी गावं होती. ॲडिरॉन्डॅकमध्ये सगळं आकर्षण एकाच टोकाला, लेक प्लॅसिडला, आणि ते टोक ज्याला मिळेल तो जिंकला.

आता टपर लेकची जागा विचित्र पण फायद्याची झाली आहे, गाडी तिथे संपते आणि ट्रेल तिथे सुरू होतो. गाडीत सायकल टाकून यायचं, उतरायचं, ५५ किलोमीटर पायडल मारत लेक प्लॅसिडला जायचं, मधे सॅरनॅक लेकला मुक्काम. यासाठी सायकलचे डबे हवेत, गाडीचं वेळापत्रक सायकलवाल्याच्या सोयीचं हवं, परत यायला व्हॅन हवी, आणि स्टेशनजवळ रात्री नऊनंतर उघडं असलेलं एखादं जेवणाचं ठिकाण हवं. यातली एकही गोष्ट राज्याच्या आराखड्यात येत नाही, ती गावातल्या दुकानदारांनी आणि काल परवापर्यंत एकमेकांशी भांडणाऱ्या दोन संस्थांनी बसून ठरवायची आहे.